चांदणीचा दोर

सापगाव,
१ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सुदाममामाच्या टेम्पोतून पाठवते आहे. शहापूरला भाजी उतरवून परत मुरबाडकडे जाताना मामा घेऊन येईल आणि चंदावहिनी तुम्हाला वाचून दाखवतील. फोन करायचा तर रेंजसाठी भाविकदादाला घरामागच्या टेकाडावर चढावं लागतं. शिवाय आई, तुझं म्हणणं पटतं, फोन ठेवला की बोलणं गेलं. पत्र पुन्हा वाचून घेता येतं.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. बातमी अशी की नाताळच्या सुट्टीआधी शाळेत नाताळचा कार्यक्रम असतो, तो या वर्षी सगळा माझ्याकडे आला आहे. शाळा चालवणाऱ्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, नव्या बाईंना नवं सुचतं. मला तर घाम फुटला. तुम्हाला नाताळची गोष्ट माहीत नसेल म्हणून लिहिते. मरिया नावाची पोटुशी बाई नवऱ्याबरोबर परगावी जाते. तिथे कुणी जागा देत नाही, म्हणून गोठ्यात बाळंत होते. ते बाळ म्हणजे येशू. त्याला गव्हाणीत निजवतात. आभाळात मोठी चांदणी उगवते, ती बघून तीन राजे भेटी घेऊन येतात. मुलं हेच करून दाखवणार आहेत.

बाबा, चांदणी विकत आणायची नाही, आपण करायची, असं ठरलं आहे. तिच्यासाठी बांबूच्या कामट्या हव्यात. शाळेच्या पडवीच्या तुळईला टांगायला काहीतरी लागेल. सुतळी चालेल.

मरिया झाली आहे ठकू. दुसरीत आहे, कातकरीवाडीवरून येते. आवाज खणखणीत, एकदा सांगितलेलं विसरत नाही. पण ती रोज धाकट्या भावाला, पोश्याला, कडेवर घेऊन येते. तो नुकता चालायला लागला आहे. आईबाप वीटभट्टीवर जातात आणि घरी सांभाळायला कुणी नाही. लहान भावंडं वर्गात आणायची नाहीत असा शाळेचा नियम आहे. मी त्याला वर्गात कपाटामागे गोधडीवर निजवते. मोठ्या सिस्टरनी मला विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. हे खोटं बोलणं होतं का, हे मला कळत नाही. सांगितलं तर ठकू घरी बसेल. आई, काय करू, ते कळव.

माया आहेच, तिच्यासोबत थोडं धैर्यही पाठवा.

तुमची,
योगिनी

*

सिद्धगडाच्या पायथ्याहून,
५ डिसेंबर

चि. योगिनीस,
आई-बाबांचे अ. आ.

आई सांगतात आणि मी, चंदा, लिहिते आहे. आई म्हणाल्या, आशीर्वाद काय लिहून धाडायचे, ते पाठीवर असतातच. तरी मी लिहिले, नाहीतर शिकलेली नणंद चुका काढेल.

तुमची गोष्ट मी दोनदा वाचून दाखवली. तेव्हापासून आईंचं मन त्या गोठ्यातच आहे. विचारतात, मरियाजवळ बाईमाणूस कोण होतं? नाळ कुणी कापली? राजे एवढे लांबून आले, भेटी आणल्या, मग बाळंतिणीला वाटीभर नाचणीची पेज द्यायचं एकाला पण सुचलं नाय? आणि गोठेवाल्याची बायको काय करत होती? याचं उत्तर पुढच्या पत्रात यायलाच पाहिजे, असं बजावलं आहे.

बाबांनी कामट्या तासून ठेवल्या आहेत. सुतळीचं नाव काढल्यावर ते नुसते हसले. दोन दिवस ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळला. ताई, तुम्ही तो बघाच. कागदाची चांदणी टांगायला बैल बांधायचा दोर. हे म्हणाले, बा, एवढा कशाला? तर बाबांचं उत्तर, पोरीचं काम हाय, तुटायला नको. लांबही भरपूर आहे. बेतानं वळणं त्यांना जमत नाही.

ठकूचं वाचलं तेव्हा आईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, तिला परत धाडू नको. मी विचारलं, सिस्टरना सांगायचं का नाही, ते काय लिहू? तर उठून गोठ्यात गेल्या. मी पेन धरून बसून राहिले.

माझं म्हणणं, सांगून टाका. तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. माझ्या लग्नात माझ्या करवलीनं नवऱ्याचे बूट लपवले, ते तुम्हाला ठाऊक होतं, तेव्हा पण दिसलं होतं.

सगळ्यांची आठवण तुमच्यापाशी पोचावी.

चंदा

*

सापगाव,
१२ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

दोर मिळाला, कामट्याही मिळाल्या. आधी चांगलं लिहिते. चांदणी छान झाली. मुलांनी तिला पिवळा कागद चिकटवला आणि बोटंही पिवळी करून घेतली. मुलांनी घरून मूठ मूठ तांदूळ आणले, त्यांचं पोतं भरलं. त्यातून कार्यक्रमाच्या दिवशी पालकांसाठी खिचडी होईल. चांदणी पडून कुणाला लागली तर, या भीतीनं मी आधी ते पोतंच दोराला टांगून बघितलं. आमचे वॉचमन हनुमानदादा म्हणाले, बाई, चांदणी लावताय का मोटारसायकल? उरलेला दोर कापायला हात होईना. बाबांनी वळलेला. वेटोळं करून तुळईवरच ठेवला आहे.

सोमवारी मुलांना घेऊन गावात नाताळची गाणी म्हणत फिरलो. एका आजींनी विचारलं, यंदा शिमगा एवढा लवकर कसा? पण पदरातली बोरं मुलांना वाटली. हनुमानदादा सांता झाले होते, कापसाची दाढी लावून. एका घरी त्यांना कुंकू लावून ओवाळलं. तेव्हापासून मुलं म्हणतात, हनुमानाचा सांता झाला.

ठकूला मी शिकवते, बाळ चित्रातल्यासारखं दोन्ही हातांनी मांडीवर धर. ती बाहुलीला कडेवरच घेते. म्हणाली, "दोनी हात आडकले तर मंग काम कोन करील बाय?"

आता वाईट. बुधवारी प्रार्थना चालू होती आणि पोश्या जागा झाला. कपाटामागून निघाला तो तोंडात खडू घेऊन थेट मोठ्या सिस्टरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्यांनी त्याच्या तोंडातला खडू काढला, प्रार्थना पूर्ण केली आणि मग मला आत बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी असंच एक पोर मागच्या विहिरीच्या काठापर्यंत गेलं होतं, हनुमानदादांना दिसलं म्हणून वाचलं. नियम त्यासाठी केला, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, मला का सांगितलं नाहीत? मी माफी मागितली आणि रडले. पोश्याला आणायचं नाही, असं ठरलं.

काल ठकू आली नाही. आजही नाही. मरियाचं काम दुसऱ्या मुलीला द्या, असं सगळे म्हणतात. कार्यक्रमाचं काय, तो होईल. पण आई, ती आता येणारच नाही असं वाटतं. सिस्टरचं चूक नाही, ठकूचंही नाही. मग चूक माझीच असणार.

गोठेवाल्याच्या बायकोचं मी पुस्तकात शोधलं. काही लिहिलेलं नाही.

माया पातळ होऊ देऊ नका.

योगिनी

*

सिद्धगडाच्या पायथ्याहून,
१५ डिसेंबर

चि. योगिनीस,
अ. आ.

आज आईंनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, मी बोलते तसंच उतरव, नीटनेटकं करू नको. म्हणून तसंच लिहिते.

"योगिनी गो, मी पण एकदा शाळंत गेले होते. पडवीपर्यंत. कडेवर तुझा सुदाममामा होता. गुर्जी वाईट नव्हतं. मला बोलले, त्याला घरी ठेवून ये, मंग बस. ठेवायला गेले. पण ठेवू कुटं? आयबा रानात. सांजपर्यंत घरात त्याला खेळवत बसले. मंग दुसऱ्या दिशी पण तेच. गुर्जींना वाटलं पोरीला शाळा नको. कोनीच कोनाला वाईट बोललं नाय, आन माझी शाळा सरली. तू माफी मागितलीस, बरं केलंस. आता रडू नको. आता जागा माग. ठकूच्या आयला भेट, मंग शिस्टरकडं जा. माफी एकदा मागायची आसते. जागा मिळंपर्यंत मागायची."

एवढं बोलून आई उठल्या नाहीत, बसून राहिल्या. आणि मग मला म्हणाल्या, तोच सुदाम आता तुमची पत्रं नेतो. त्याला यातलं काही माहीत नाही. सांगायचं पण नाही.

ताई, मला दहावीपर्यंत शिकायला कुणी अडवलं नाही. ते एवढं मोठं असतं, हे आज कळलं. आज चिडवत नाही.

सगळी माया पत्राबरोबर धाडली आहे, मामाला म्हणावं सांभाळून ने.

चंदा

*

सापगाव,
२४ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल कार्यक्रम झाला. आता सुट्टी लागली आहे, म्हणून सावकाश लिहिते.

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी कातकरीवाडीवर गेले. ठकू चुलीशी होती आणि पोश्या तिच्या कडेवर. मला बघून तिनं न विचारता मरियाची सगळी वाक्यं म्हणून दाखवली. तिची आई जना दमून आली होती. तिनं सांगितलं, भट्टीवर नेलं तर पोर कच्च्या विटांत शिरतं आणि ट्रक मागंपुढं होत असतात. घरी ठेवायला माणूस नाही. शिकायला नको असं तिनं एकदाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरकडे गेले. म्हटलं, "सिस्टर, आज माफी मागायला आले नाही. जागा मागायला आले आहे." त्यांनी खिडकीतून विहिरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, कार्यक्रमाच्या दिवशी त्याला येऊ दे, जबाबदारी तुमची, पुढचं पुढे बघू. एका दिवसाची का होईना, जागा मिळाली. बाहुली मी कपाटात ठेवून दिली.

काल पालक आले. पुष्कळजण पहिल्यांदाच फाटकाच्या आत आले होते, चपला कुठे काढायच्या ते विचारत होते. ठकू पडवीत आली ती पोश्याला कडेवर घेऊनच. तिनं त्याला गव्हाणीत पेंढ्यावर बसवलं आणि बाया माना उंचावून बघायला लागल्या. राजे आले. पहिल्या राजाचं सोनं म्हणजे सोनेरी कागदात गुंडाळलेला लाडू होता. पोश्या उठला, गव्हाणीतून उतरला, राजाच्या हातातलं सोनं घेतलं, कागद काढला आणि खायला बसला. सगळे इतके हसले की राजा वाक्य विसरला. ठकू मात्र हसली नाही. एका हातानं त्याचं तोंड पुसत तिनं राजाचं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं.

नंतर प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. ते लांबलं. पोश्याला झोप आली आणि तो रडायला लागला. मी घाबरून उठले, पण त्याआधी मागच्या रांगेतून जना पुढे आली. तिनं कुणाला विचारलं नाही. तुळईवरचं दोराचं वेटोळं खाली ओढलं, पिशवीतलं जुनं लुगडं काढलं आणि चांदणीखाली झोळी बांधली. पोराला आत घातलं आणि झोका दिला. घरी करत असेल तसंच.

मोठ्या सिस्टर जागेवरून उठल्या. मला वाटलं आता संपलं. त्या जवळ आल्या, दोर दोन्ही हातांनी खाली ओढून बघितला, मी पोतं टांगून बघितलं होतं तसा. मग जनाला म्हणाल्या, तुम्ही बसा. आणि भाषण संपेपर्यंत स्वतः झोका देत राहिल्या. पाहुण्यांचा आवाज आपोआप खाली आला. शेवटचं गाणं मुलांनी हळू म्हटलं. मी तसं सांगितलं नव्हतं.

खिचडी पुरली. वर थोडी उरली.

सगळे गेल्यावर चांदणी उतरवायला हनुमानदादा शिडीवर चढले, तेव्हा सिस्टरनी खालून सांगितलं, "चांदणी काढा. दोर राहू द्या." जानेवारीपासून विहिरीवर लोखंडी जाळी बसेल आणि पडवीत झोळ्या राहतील. वाडीवरच्या सावळीआजी लक्ष ठेवायला येणार आहेत. त्यांना शाळेतच जेवण आणि काही पगार मिळेल, तो सिस्टर ठरवतील. ठकूखेरीज आणखी तीन मुली भावंडं सांभाळायला घरी राहिल्या आहेत, त्यांच्याकडे मी सुट्टी संपायच्या आत जाणार आहे. मला अजून भीती वाटते. दोराला गाठ नीट बसली आहे का, ते मी आज सकाळी पुन्हा बघून आले.

आई, तू विचारलं होतंस, मरियाजवळ बाईमाणूस कोण होतं. पुस्तकात नाही. आमच्या पडवीत होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आहे. तू ये. मामा टेम्पोतून आणेल.

माझ्यावरचा लोभ सोबत घेऊन या, म्हणजे कागदावर मागायला नको.

तुमची,
योगिनी

*

सिद्धगडाच्या पायथ्याहून,
२८ डिसेंबर

चि. योगिनीस,
अ. आ.

तुमचं पत्र आईंनी चारदा वाचून घेतलं. झोळी बांधली तिथे प्रत्येक वेळी थांबवतात आणि बाबांकडे बघतात. बाबा काल सुदाममामाला विचारत होते, शाळेची तुळई कसल्या लाकडाची आहे. गाठ बघायला ते पण येणार आहेत. आणखी दोर वळायला घेतला आहे. या वेळी एवढा कशाला, असं कुणी विचारलं नाही.

पाहुण्यांचं भाषण लांबलं ते बरं झालं, असं आई म्हणाल्या. आणि जनाला नाचणीचं पीठ पाठवतात, ते तुम्ही पोचवायचं.

येणार का, म्हणून मी विचारलं. मला वाटलं, मोठ्या लोकांत कशाला, असं म्हणतील. तर त्यांनी आधीच चोळी शिवायला टाकली आहे. मला म्हणाल्या, लिही तिला, "येते. या टायमाला पडवीवरून परत फिरनार नाय. वर्गात बसून बघनार. आता कडंवर कोनी नाय."

चंदा