माझ्या वाट्याचा पालक

अहो,

नमस्कार. देवाच्या दयेने लेक आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत.

'तू नाहीस, तरी काही वाया जात नाही. तुझ्या वाट्याचा पालकही रोज मीच संपवतो,' हे तुमच्या पत्रात वाचून मी सुखावले. लेकीला वाचून दाखवलं, तर तिचा चेहराच उतरला.

"आई, पालकातल्या के जीवनसत्त्वामुळे रक्तातल्या काही प्रथिनांमधलं एक अमिनो आम्ल बदलतं, म्हणून रक्त गोठतं. बाबांची रक्त पातळ ठेवणारी गोळी तेच अडवते. दुप्पट पालकापुढे ती कशी पुरणार? कृत्रिम झडप आहे त्यांच्या हृदयात, तिच्यावर रक्ताची गुठळी झाली तर!"

अन्न वाया घालवू नका, हे माझं एवढं कधी ऐकलं होतंत हो?

पत्र मिळताच रक्त तपासून घ्या. गोळी मनाने वाढवू नका. धाप लागत नाही ना? लपवू नका. पालक नेहमीएवढाच खा, माझा वाटा टाकून द्या. अन्न टाकल्याचं पाप मी माझ्या माथी घेते.

तुमचीच