दोन हाका

१२ ऑगस्ट १९७४, सोमवार

हट्ट्याला पोचले. गोरेगावाहून जीप, मंग बस, मंग बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पर मन खुश हाय. मालक अमृतरावानं खोली बरी दिली. गावाबाहेर, आखाड्याच्या वाटेवर. चुन्याच्या भिंती, लोखंडी गजाची खिडकी, बाज, आन् मधी त्यो फोनचा बोर्ड. सरकारचा फोन येईल तवा येईल म्हणून ह्या गड्यानं सोताचाच बसवला. वसमतला बंद पडलेल्या जिनिंगातून जुना बोर्ड उचलून आणला आन् तारा ओढल्या. घर, दुकान, हळदीचं गोदाम, आन् वढ्यापलीकडचा आखाडा, म्हंजी त्याची शेतावरची वस्ती. कुणी तिकडं फोनची दांडी फिरवली की हितं बोर्डावर त्याच्या नावाची झडप पडती. मी इचारायचं कोण पायजे, आन् त्या भोकात पिन लावून जोडून द्यायचं. चौथी शिकलेल्या बाईला येवढं जमतंय.

आखाड्यावर माझी द्वारका हाय. जावई तिथं सालगडी. तिचे दिस भरलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, पर माहेर म्हंजी मीच, आन् मला घर न्हाई न दार न्हाई. तिची सासू मला आखाड्यावर ठिवून घेईना. मंग ही नोकरी धरली. कळा लागल्या की पोरगी दांडी फिरवणार, मी सुईण घेऊन पळणार. ठरलंय.

१३, मंगळवार

तारवाला रतनसिंग वसमतहून येऊन शिकवून गेला. लई बडबड्या. म्हणला, मावशी, झडप पडली की लगोलग बोलायचं, मालकाला खोळंबा खपत न्हाई. मी म्हणलं, आमच्यात एका हाकेला कुणी ओ देत न्हाई. मेलेलं एकदाच हाक मारतंय, जितं माणूस दोनदा. त्यो हसला. म्हणला, भूत तारेवरून यायचं तर पयले मला इचारंल, खांब कुठं हायेत म्हणून. शेवटचं भोक मोकळं हाय, त्याला तार न्हाई, तिकडं बघूच नका म्हणला.

सांजच्याला द्वारका बोलली. माय, माय. लहानपणापासून तिला दोनदाच शिकवलंय.

१५, गुरुवार

भर दुपारी शेवटची झडप पडली. तार नसलेली. कानाला लावलं. बाईमाणूस. बाई, म्हणली. एकदाच. मंग नुसता श्वास.

मला आधीच गरमी, त्यात द्वारकाच्या फोनची वाट. तोंड सुटलं माझं. काहून एकदाच वरडती म्हणलं, मेलीस का? जित्या माणसानं दोनदा हाक मारावी, तुझ्या मायनं शिकवलं न्हाई का? आन् पिन उपटली.

जरा वेळानं परत झडप. बाई, बाई. म्हणलं, आता कसं. कोण पायजे? गोदाम, म्हणली. जोडून दिलं. तिकडून पुंजाजी हमालानं ओ दिलेला ऐकू आला. पुढचं कायी न्हाई.

१६, शुक्रवार

पुंजाजी गेला. हळदीच्या पोत्यावर बसल्या जागी, फोन कानालाच. काळीज बंद पडलं म्हणतेत. अमृतरावाला मी सगळं सांगितलं. त्यो म्हणला, मालनबाई, तार न्हाई तर बोलंल कोण, तुमी जरा पडा. त्यो माणसं घेऊन पुंजाजीच्या गावाला मातीला गेला. मी त्या भोकात चिंध्याचा बोळा कोंबला.

१७, शनिवार

पाणी लई. वढा भरून चाललाय. अमृतराव तिकडंच अडकला.

बोळा खाली पडलेला. दुकानाची झडप पडली. दुकान तर बंद हाय. मालनबाई, मालनबाई. पुंजाजीचा आवाज. म्हणला, आखाडा जोडा.

जोडला न्हाई. जोडणार बी न्हाई. बोर्डच फोडला आसता, पर द्वारकाची तार त्यातच हाय.

१८, रविवार

आता ते कोणत्या बी झडपेवर येऊन राहिलं.

सकाळी दाराशी रतनसिंग. मावशी, मावशी. कडी काढायला उठले. मंग ध्यानात आलं, वसमतची बस बंद, त्यो यायचा कसा. बसले. दुपारी अमृतराव, दोनदा. म्हणला भाकर आणली. आसंल बी खरा. कसं वळखू? दोनदाचं मीच शिकवलं त्या तारेवरच्या मेलेल्याला. मीच.

कडी काढली न्हाई.

१९, सोमवार

पोटात कायी न्हाई. सुईणीकडं जावं तर दार उघडावं लागंल. आन् मी गेले आन् आखाड्याची झडप पडली तर —

कुणालाच ओ दिला न्हाई.

मंगळवार

आखाड्याची झडप. माय, माय. कळा लागल्या म्हणती. घर जोड, सुईणीला कुणी तरी धाडा म्हणती. द्वारकाचाच आवाज. पर पुंजाजीचा बी पुंजाजीचाच व्हता.

तेवढ्यात दाराशी. माय, माय. वढा वसरला म्हणती. चालत आले, दार उघड, उभं राहवंना.

कानात बी द्वारका. दाराशी बी द्वारका.

एक माझी हाय. कोणती —

दारावर थापा. खालच्या अंगाला. बसली आसंल. का बसल्यावानी करून राहिलं —

कानातली रडती. माय, माय. घर जोड.

हात कडीवर ठिवला. काढला.

थापा थांबल्या.

कानात हाय अजून. माय, माय. दमत न्हाई.

दाराशी हाक आली. हळू.

माय.

दुसरी येईना. मी वाट बघून राहिले. एकदाच मारली, दुसरी —