खड्ड्यातली कडी

१२ जानेवारी २००३
आजपासून मी कुणाचा नोकर नाही. पुण्यातली कंपनी सोडून रत्नागिरीत आलो त्याला तीन दिवस झाले आणि अजून पश्चात्ताप झालेला नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला नसीमाभाभींच्या घराची माडी भाड्याने मिळाली. त्यांचे मिस्टर कुवेतला असतात. भाभींनी पहिल्याच दिवशी ताटलीभर सांदणं पाठवली. खिडकीतून बंदर दिसतं. वास मात्र खिडकी लावली तरी येतो, आणि मासळीच्या वासाने मला मळमळतं. कोकणात बिऱ्हाड करण्याआधी हे माझ्या लक्षात यायला हरकत नव्हती.

मुंबईतल्या बंद पडलेल्या गेम पार्लरमधून आणलेलं हेल्मेट आणि तारांचा हातमोजा भाभींना दाखवला. हेल्मेट चढवलं की मी संगणकात रचलेली जागा दिसते, मान वळवली की तीही वळते, मोजा घातलेल्या हाताने तिथल्या वस्तू धरता येतात. भाभी म्हणाल्या, म्हणजे जागेपणी स्वप्न. मी हो म्हटलं.

३ फेब्रुवारी
पहिलं काम मिळालं! गावाबाहेर फिशमीलचा कारखाना आहे. न खपलेली मासळी उकडून, दळून कोंबड्यांचं खाद्य करतात. तिथले मॅनेजर हरिश्चंद्र मयेकर माझ्याकडे आले आणि हेल्मेट घालून लहान मुलासारखे खूश झाले. मासळीचं सांडपाणी साठण्याचा खड्डा ते दर मे महिन्यात, हंगाम संपताना, माणसं उतरवून साफ करतात. मागच्या मेमध्ये रघू नावाचा कामगार त्यातल्या वायूने गुदमरून मेला. आता कामगारांना नीट शिकवल्याशिवाय खड्ड्यात कुणाला उतरवायची परवानगी नाही. ते शिकवणं माझ्या हेल्मेटमधून. जमलं तर किनाऱ्यावरचे बाकीचे कारखाने येतील. नाही जमलं तर पुन्हा पुणे आणि कुणाच्या तरी हाताखालचं टेबल.

१० फेब्रुवारी
भिंती हुबेहूब दिसाव्यात म्हणून खड्ड्याचे फोटो काढले. शी. वर सायीसारखा पिवळा थर आणि त्यात डोळे. माशांचे, शेकडो. अळ्या इतक्या, की थर हलतोय असं वाटत होतं. दोनदा ओकलो.

घरी फोटो मोठे करून पाहिले. शिडीच्या डावीकडे, गिलाव्यात चार ओरखडे आहेत, खाली घसरत गेलेले. एका ओरखड्याच्या टोकाला नख अडकलंय. आज जेवलो नाही.

१८ फेब्रुवारी
दोर बांधायला आणि चक्कर आली तर धरायला खड्ड्याच्या भिंतीत लोखंडी कडी हवी, असा नियम आहे. खड्ड्यात कडी नाही. मयेकर म्हणाले, माणसं उतरायच्या आधी बसवूच, तुम्ही तेवढी हेल्मेटमध्ये दाखवून ठेवा, तपासणीला येणारे सरकारी साहेब तुमचंच काम बघणार आहेत. आणि नाव म्हणे हरिश्चंद्र. मी दाखवली. कुठे बसवू हा प्रश्नच नव्हता. ते ओरखडे झाकायला काहीतरी हवंच होतं. गंज अगदी अस्सल उतरलाय. तपासणीत काम पास झालं.

२२ मार्च
वीस कामगारांना शिकवलं. गरगरताना शिडी चढायला गेलं की माणूस कोसळतो. म्हणून आधी डावा हात खांद्याच्या उंचीला टाकायचा, कडी धरायची, मग वरच्यांना हाक मारायची. प्रत्येकाकडून पन्नास वेळा करून घेतलं. सगळ्यात चटकन शिकली मालन, रघूची बायको. नवऱ्याच्या जागी तिला कामावर घेतलंय. इथे याला मेहेरबानी म्हणतात.

"डोले मिटले तरी हात बराबर कडीवर जातो बगा," ती म्हणाली. "ही तेवा आसती तर ह्ये वाचले आसते."

मी तारा गुंडाळत राहिलो. कडी अजून बसवलेलीच नाही, हे तेव्हा सांगता आलं असतं.

९ एप्रिल
हेल्मेटच्या आतला स्पंज ओला लागतो. वीस जणांचा घाम म्हणून डेटॉलने धुतला, उन्हात वाळवला. पुन्हा ओला. बोटाला लागलं ते चिकट होतं, धाग्यासारखं लांबलं. मोज्यात खवले निघाले. भाभींनी विचारलं, वर मासळी कुजतेय का. मी मासळी खात नाही हे त्यांना ठाऊक आहे.

१४ मे
मयेकरांना फोन करून कडीचं विचारलं. बघू म्हणाले, पुढच्या आठवड्यात साफसफाई आहे, आता कुठे गवंडी शोधू. लगेच दुसऱ्या कारखान्याच्या कामाचा विषय काढला. मी बरं म्हटलं. फोन ठेवून हात धुतले. तीनदा धुतले, वास जात नाही.

२१ मे
मालन मेली. काल सकाळी अकरा वाजता.

खड्ड्याच्या तोंडाशी आत्माराम, मी शिकवलेल्या वीसांतला एक, उभा होता, त्याने सांगितलं. ती गरगरली. शिडी तिच्या उजव्या हाताला टेकून होती. तिने ती धरलीच नाही. डावा हात खांद्याच्या उंचीला टाकला, भिंत चाचपली, परत टाकला. "हितंच होती," म्हणत होती, "हितंच होती." दोर लावायला कडीच नाही, म्हणून कुणी उतरेना.

तो हात मी तिथे नेऊन ठेवला होता. मला माझी किळस येते.

२४ मे
हेल्मेट घालून प्रोग्राममधली कडी पुसून टाकली. खाली ओरखडे. आठ. चार माझ्या फोटोतले. बाकीचे चार ओले होते.

२६ मे
कडी परत आलीय. मी ठेवलेली नाही. तिच्याभोवती बोटं. या प्रोग्राममध्ये माणूस नाही, मी माणूस रचलेलाच नाही — बोटांवरची कातडी फुगून सुटलेली. मी हात मागे घेतला. मोजा माझ्याबरोबर आला नाही.

२८ मे
भाभी माहेरी गेल्या. जिन्यावरून पिवळं पाणी उतरतंय म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही दिसतं. म्हणजे मी वेडा —

हेल्मेट दगडाने फोडलं. तरी मान वळवली की खोली जरा उशिराने वळते.

२९ मे
अकरा वाजलेत. बाहेर लख्ख ऊन. पिवळं गुडघ्यापर्यंत — डोळे तरंगतायत — तोंडात खवले, थुंकतोय, संपत नाहीत —

कुणीतरी माझं डावं मनगट धरलंय. ओढत नाही. खांद्याच्या उंचीला नेऊन ठेवतंय. पुन्हा. पुन्हा. शिकवतंय.

उजव्या हाताने लिहितो. तपासणीच्या साहेबांना द्या कुणीतरी. मी, निरंजन भिडे, खरं लिहून देतो, त्या खड्ड्यात कडी कधीच —