बिरूची कांब

३ फेब्रु. ४७, सांगली
प्रात्यक्षिक परीक्षा. पोलादी कांब मधोमध पकडून राळेच्या फडक्याने चोळायची, काचनळीत बुचाच्या पुडीच्या ओळी उठतात, त्यांतलं अंतर मोजून पोलादातला ध्वनिवेग काढायचा. जतच्या बिरूचं उत्तर पुस्तकी, अगदी बरोबर. त्याची कांब आखूड, हातभर. नळी काढून ठेवलेली. म्हटलं, पुन्हा वाजवून दाखव. चोळली. आवाज नाही. आकडा पुस्तकातून उतरवलास, म्हणालो. सगळ्यांसमोर. शून्य दिलं. तो म्हणाला, "सर, वाजतीया."

५ फेब्रु.
बिरू वसतिगृह सोडून गावी गेला म्हणे. जाऊ दे.

८ फेब्रु.
ती कांब बाद करायची म्हणून नळी लावून एकदा चोळली. आवाज शून्य. आणि पुडीच्या ओळी उठल्या. स्वच्छ, सारख्या अंतरावर.
दत्तू शिपायाला हाक मारून पुन्हा चोळली. वाजतंय का काही?
"वाजतंय की सायेब. लय बारीक. कानात सुई घातल्यागत."
परीक्षेच्या दिवशी?
"तवा बी वाजत हुती. मला वाटलं, तुमी पोराची परीक्षा बघताय."

१० फेब्रु.
मिरजेचा डॉक्टर. लढाईत तोफखान्यात होतो, सांगितलं. किती वर्षं, त्याने विचारलं. चार. बारीक सूर दोन्ही कानांतून गेलेत, परत यायचे नाहीत. लांब कांबेचा जाड सूर ऐकू येतो, म्हणून आजवर कळलं नाही. घरी येऊन बायकोला, सुशीलाला सांगितलं. ती म्हणाली, वर्षभर मी तुमच्या समोर येऊनच बोलते, लक्षात नाही आलं?
नाही आलं.

११ फेब्रु.
प्रिन्सिपॉलना लेखी कबुली. गुण दुरुस्त. माझ्या नोकरीचं? बघू, म्हणाले.

१४ फेब्रु., जत
गावाबाहेर मेंढरांत सापडला. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याचा बाप बघत राहिला. "पोरगं लबाड न्हाई, येवढं सांगाय सांगलीस्नं आलासा?" व्हय, म्हटलं. बिरू खाली बघत म्हणाला, "सर, तुमी सगळ्यांसमोर म्हणाला हुता."
परत येतोस का, विचारलं. त्याने मेंढरं पुढे हाकली.

१७ फेब्रु.
वर्गात उभा राहून सांगितलं. कान, कांब, शून्य, सगळं. मग विचारलं, त्या दिवशी आवाज कुणाकुणाला ऐकू आला होता?
आधी एक हात. मग दोन. मग सगळे.
बिरूची जागा रिकामी.