नाखव्याच्या सुनेचा शेवट

सोमवार, ९ एप्रिल १९५६

आज दुपारच्या लाँचला दोन उतारू बिनतिकिटाचे गेले. दोष माझा. खिडकीत बसून मी फिरत्या सिनेमाच्या तंबूवाल्याची जाहिरात वाचत होतो.

गुलाबी कागद, शाई बोटांना लागते. ‘जुन्या चित्रांचा खास सप्ताह — दररोज नवा रस!’ बुधवार १८ पासून मंगळवार २४ पर्यंत. पहिल्या दिवशी दर्याचं चित्र, मग रडकं, मग तलवारीचं, मग हसवणारं, रविवारी मूकपट — पेटी-तबल्यासह — सोमवारी संतांचं आणि शेवटी देवादिकांचं. तंबू रेवसच्या मिठागरांलगतच्या माळावर.

दर्याचं चित्र कोणतं? तर ‘नाखव्याची सून’.

बारा वर्षं मी गावाला याच चित्राची गोष्ट सांगतो आहे.

मंगळवार, १० एप्रिल

बंदरावरच्या चहाच्या दुकानात आज दुसरा विषय नाही.

शाळेचे शिवदास गुरुजी तापलेले. “सात दिवसांत मूकपट एकच? हा अन्याय आहे. माणूस पडद्यावर बोलायला लागला तिथेच कला बुडाली.” एवढं सांगायला त्यांना अर्धा तास लागला.

सोनाबाई मासळीची टोपली उतरवून बसली होती. तिचं दुखणं वेगळं. “देव शेवटाला? कंदी ऐकलंय का? आरंबाला देव लागतो. ह्यो तंबूवाला हाय तरी कुठचा?”

मग सगळे माझ्याकडे वळले. जुन्या चित्रांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असतो. गुरुजी म्हणाले, “हरेश्वर, तू ‘नाखव्याची सून’ डोळ्यांनी पाहिलेला माणूस. कसं आहे?”

मी म्हणालो, “शेवट बघण्यासारखा आहे.” जीभ झडली कशी नाही.

बुधवार, ११ एप्रिल

इथे खोटं बोलून काय मिळणार? लिहून टाकतो. ‘नाखव्याची सून’ मी पाहिलेलं नाही. मुंबईत मी एकही चित्र पाहिलेलं नाही. मुंबईच पाहिलेली नाही.

मला बोट लागते. कोळ्याच्या पोटी जन्मून! आठव्या वर्षी बापाने होडीत घातलं, तर बंदर नजरेआड व्हायच्या आत आतडी बाहेर यायची वेळ आली. बापाने मला परत आणलं, शाळेत घातलं आणि ही गोष्ट मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. शाळेमुळे ही तिकिटाची खिडकी मिळाली. वीस वर्षं मुंबईची तिकिटं फाडतो आहे आणि लाँच नुसती डुलली तरी नजर फिरवतो. गावाला सांगून ठेवलंय — मी सुट्टीत एसटीने जातो, मुंबईला चित्रं बघून येतो. एसटीतही मी पेणपर्यंतच टिकतो. तिथे मावशीकडे दोन दिवस झोपून परत.

माझी सगळी विद्या चोपड्यांची. उतारू लाँचच्या बाकांवर सिनेमाच्या गाण्यांची चोपडी विसरून जातात, खलाशी मला आणून देतात. त्यात आधी कथानक, मग गाणी. आणि कथानक नेमकं ऐन वेळी थांबतं — ‘पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावरच पाहावे.’ ज्यांचं पोट घट्ट त्यांनी पाहावं. मी मात्र शेवट पदरचे घातले.

गुरुवार, १२ एप्रिल

गुरुजींनी विचारलं, मागच्या खेपेला मुंबईत कुठल्या थेटरात बसला होतास? मी म्हणालो, मधल्या.

शुक्रवार, १३ एप्रिल

‘नाखव्याची सून’चं चोपडं काढून पुन्हा वाचलं. नाखव्याचा मुलगा गलबतासह बेपत्ता होतो. सून रोज तिन्हीसांजेला दारात दिवा ठेवते. वर्षं जातात. बंदरावरचा एक सालस कारकून तिला मागणी घालतो. आता ती काय करील? — पडद्यावर पाहावे.

मी लावलेला शेवट असा : ती नाही म्हणते. बारा वर्षांनी नवरा दाढी वाढवून परत येतो, दारातला दिवा ओळखतो. इथे बायका पदर डोळ्यांना लावतात. गुरुजीसुद्धा एकदा नाक शिंकरून गेले.

खोटं उघडं पडून गाव हसलं तर हसो. मला भीती सगुणाची आहे.

सगुणा आमच्याच आळीतली. जाळी विणते, फाटलेली सांधून देते. तिचा नवरा सदा त्रेचाळीसच्या कार्तिकातल्या वादळात गेला. होडीची एक फळी थळच्या किनाऱ्याला लागली, तो नाही लागला. पुढच्या वर्षी मी तिच्या ओट्यावर बसून ही गोष्ट सांगितली. बाई पार खचली होती, तिला धीर यावा एवढंच मनात होतं. तीन महिन्यांनी तिचा मुंबईचा, माझगावचा भाऊ तिच्या पाटाचं बोलणं घेऊन आला. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, लागतो, त्यात कमीपणा नाही. तर ही म्हणाली, “तिचा आला ना बारा वर्सांनी?” भाऊ आला तसा परत गेला.

तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा तीच मला बोलावते. “तिकीटमास्तर, ती नाखव्याच्या सुनेची गोष्ट सांगा.” मी सांगतो. गेल्या कार्तिकात सदाला बारा वर्षं पुरी झाली. मग मी काय केलं? गोष्टीतल्या बारा वर्षांची पंधरा केली. ती विणत राहिली.

आणि आता पडद्यावर शेवट दुसराच निघाला तर? तर एका बाईची बारा वर्षं मी चोपड्याच्या कोऱ्या जागेत घातली. हे पाप कुठे धुवायचं? खारं पाणी तर मला सोसत नाही.

(मागणी घालणारा बंदरावरचा कारकून आहे, त्यात माझा काय दोष? माझी काही मागणी नव्हती. म्हणजे, घातलेली नव्हती.)

रविवार, १५ एप्रिल

तोड सापडली. स्वतःच्या हुशारीवर खूश आहे.

१८ तारखेला अष्टमी. भांगाचे दिवस — पाण्याला ओढ नाही, होड्या वर ओढलेल्या, झाडून सगळं गाव घरी. २४ ला मात्र पुनव तोंडावर, ऐन उधाण. डोल जाळी उधाणालाच लागतात. गडी सगळे होडीवर आणि बायका किनाऱ्यावर मासळी निवडायला. तंबूत चिटपाखरू फिरकायचं नाही. तंबूचा मालक कोंडाजी घाटावरचा. त्याने वार बघून कार्यक्रम आखला. दर्याकाठी वार कोण बघतो? पाणी बघतात.

गेलो त्याच्याकडे. भरती-ओहोटीचा शब्द काढला नाही. सोनाबाईचंच बोलणं पुढे केलं — आरंभाला देव हवा, लोक नाराज आहेत, देवादिकांचं बुधवारी ठेवा, दर्याचं शेवटच्या मंगळवारी. कोंडाजीने हात जोडले. “तुमच्यासारखं जाणतं माणूस भेटलं, आमचं नशीब.” सातही दिवसांचा फुकट पास दिला.

भल्या माणसाला खड्ड्यात घातलं आणि वर पास घेऊन आलो.

बुधवार, १८ एप्रिल

पडद्यावर देव आले. सोनाबाईने नारळ फोडला. तंबू तुडुंब. मला म्हणाली, “तुझ्या डोक्यात उजेड हाय रे.”

रविवार, २२ एप्रिल

मूकपट. पेटीवाला ऐन लढाईत भैरवी वाजवत होता. पडद्यावरची प्रत्येक पाटी गुरुजींनी मोठ्याने वाचली, अर्थ सांगितला, वर दाखलाही दिला. मूकपटात एवढा आवाज मी प्रथमच ऐकला.

मंगळवार, २४ एप्रिल

पहाटेच होड्या गेल्या. किनारा मोकळा, मनही मोकळं. संध्याकाळी एकटा जाऊन शेवट बघेन, मग सगुणाला काय सांगायचं ते सावकाश ठरवीन.

बुधवार, २५ एप्रिल

काल तंबूत आम्ही सात जण. मिठागरावरचे चार मजूर, खुर्चीत गुरुजी, मी. आणि दोरीपलीकडे बायकांच्या बाजूला एकटी सगुणा.

मी गाढव आहे. उधाणाला जाळी पाण्यात असतात! फाटलेलं जाळं तिच्या हाती पडतं ते होड्या घरी आल्यावर, भांगाच्या दिवसांत. सगळ्या गावाला काम असतं तेव्हा जाळी सांधणारीला सवड असते. जन्म कोळीवाड्यात काढून मला हे सुचू नये. १८ लाच राहू दिलं असतं तर ती गळ्यापर्यंत जाळ्यांत बसलेली असती आणि तंबूकडे फिरकली नसती. मीच तिला मोकळी संध्याकाळ बघून चित्र दाखवलं.

शेवट असा आहे. सून कारकुनाला हो म्हणते. दारातला दिवा उचलते, विझवत नाही, आणि त्याच्या दारात नेऊन ठेवते. समाप्त. नवरा येत नाही. दाढीसुद्धा नाही.

छापणाऱ्याने चोपड्यात आणखी दोन ओळी छापल्या असत्या तर त्याचं काय जात होतं?

बाहेर पडताना सगुणा म्हणाली, “बरं व्हतं.” एवढंच. गेली. मी दोन पावलं तिच्या मागे गेलो आणि थांबलो. गुरुजी आत खुर्चीतच घोरत होते.

गुरुवार, २६ एप्रिल

गुरुजींना आज मजुरांकडून शेवट कळला आणि ते चवताळले. “अशक्य! मूळ चित्रात नवरा परत येतो. हरेश्वरने पाहिलंय. या तंबूवाल्याने शेवटचं रीळ गाळून भलतंच जोडलंय.”

दुपारी होड्या लागल्या तशी बातमी किनाऱ्यावर पोचली. संध्याकाळी सोनाबाई पुढे आणि पंचवीस-तीस माणसं मागे, अशी वरात माळावर. यातल्या एकानेही चित्र पाहिलं नव्हतं, पण खरा शेवट सगळ्यांना पाठ होता. कोंडाजी तंबू सोडत होता. “आमचा शेवट दाखव, मंगच खुंट्या उपट,” सोनाबाई म्हणाली. तो बिचारा रिळांचे डबे उघडून दाखवतो, आईची शपथ घेतो. कुणाला पटेना. शेवटी त्याने माझ्याकडे बोट केलं. “या जाणत्या साहेबांना इचारा. ते सांगतील तसं.”

गप्प राहिलो असतो तर माझी अब्रू राहत होती. कोंडाजीची गेली असती. पासची आठवण झाली.

म्हणालो, “चित्राचा शेवट तोच आहे. मी हे चित्र परवा पहिल्यांदा पाहिलं. मी सांगायचो तो शेवट माझ्या घरचा.”

मग सोनाबाई — “मंग आमी रडलो ते कशापायी?” गुरुजी खाकरले. “काही म्हणा, हरेश्वरचा शेवट चित्रापेक्षा सरस आहे.” त्यावर लोक हसले. हसत हसत पांगले. कुणीतरी जाताना विचारलं, लाँच तुझ्या दाराशी, तरी जाऊन बघितलं का न्हाय? ते मी सांगितलं नाही. तेवढी लाज शिल्लक ठेवली.

गर्दीच्या मागे सगुणा उभी होती. तिने सगळं ऐकलं.

शुक्रवार, २७ एप्रिल

सकाळी तिच्या ओट्यावर गेलो. माफीची वाक्यं पाठ केली होती. पहिलंच अर्धं झालं तोवर ती म्हणाली, “शेचाळीस साली भावाकडं गेले व्हते ना, तवाच बघितलंय मी ते चित्र. दोनदा.”

मी विचारलं, मग दर वेळी मला का बोलावून सांगायला लावलंस?

“तुम्ही शेवट बदलता का, ते बघत व्हते.” मान वर केली नाही, हात चालूच. “धा वर्सं झाली. बाराची पंधरा केलीत. नवऱ्याला मात्र दर खेपेला आणलात.”

बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. मी बसलो. पुढे काय बोलायचं ते कुठल्याच चोपड्यात छापलेलं नव्हतं. लाँचची वेळ झाली म्हणून उठून आलो. रडू येतंय, आणि स्वतःला जोड्याने मारावंसं वाटतंय. भित्रा तो भित्राच.

शनिवार, २८ एप्रिल

सगुणा खिडकीवर आली. म्हणाली, “उद्याच्या लाँचची दोन तिकिटं द्या. माझगावला भावाच्या कानावर पाटाचं घालायचं हाय.”

मी विचारलं, दुसरं तिकीट कुणाचं?

तिने पदराची गाठ सोडली आणि एक लिंबू काढून माझ्यापुढे ठेवलं. “ज्याला बोट लागते त्याचं.”