क्लच रुळेपर्यंत

१० नोव्हें., सोम.
गाडीचा क्लच गेला. रिंग रोडच्या चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबतेय, इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी हलत नाही. जळका वास. मागच्या सीटवर मनू, नाक दाबून हुं हुं करत. कसंबसं पहिल्या गिअरमध्ये सरस्वतीपुरमला घरापर्यंत आणली.
उद्या फेरा कसा? चौदा वर्षांची मुलगी, बोलत नाही. दिवसभर डोक्यात जे साठतं ते संध्याकाळच्या त्या एका फेऱ्यात उतरतं, तेव्हा कुठे झोपते. टॅक्सीत बसत नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीत नाही. हीच गाडी, मागची डावी खिडकी.

११, मंगळ.
गॅरेजची टोइंगवाली गाडी आली. साखळी लावल्याबरोबर मनू बॉनेटला मिठी मारून किंचाळायला लागली, मग त्यावरच कपाळ आपटायला. तो माणूस घाबरला. "बेडा मॅडम, बेडा," नको नको करत साखळी सोडून निघून गेला. घरी येऊन काम कराल का, दोन मेकॅनिकना विचारलं. रॅम्पशिवाय गिअरबॉक्स उतरवणार नाही म्हणाले.
संध्याकाळी मनू चपला घालून दारात उभी. तासभर. मग माझा दंड धरला दातांनी. उद्या पूर्ण बाह्यांचा कुर्ता.

१२, बुध.
सुधीर म्हणतो, माझ्या लेकीसाठी मीच बदलतो क्लच, अंगणातच. साताऱ्याला असताना मामाच्या जीपचा काढला होता म्हणे. ही जीप नाही, म्हटलं मी.
"मग काय करू ते तू सांग ना!" केवढ्यांदा ओरडला. मनूनं कान झाकले.
दुपारी प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग घेऊन आला. जॅक आणि स्टँड भाड्यानं. दोघांचीही रजा.
शेजारच्या शांतम्मा कुंपणावरून, "एनायतम्मा मगूगे?" पोरीला काय झालं म्हणून. कारचा क्लच गेला, म्हटलं. माझ्याकडे बघतच राहिल्या.

१४, शुक्र.
गाडी पुढून स्टँडवर. चाकं, अ‍ॅक्सल सगळं बाहेर. तेल अंगणभर. गिअरबॉक्स उतरला दुपारी. जुनी प्लेट पार झिजलेली.
संध्याकाळी ते झालं.
सुधीर गाडीखाली. मी कुकर बंद करायला आत, तेवढंच. मनूची वेळ झाली होती. ती सरळ आपलं दार उघडून बसली, आणि नेहमीसारखी पुढेमागे झुलायला लागली. गाडी स्टँडवर डुगडुगतेय. खालून सुधीर, "काढ तिला! काढ!" ओढलं असतं तर आणखी जोरात झुलली असती. मी दारातून वाकून तिच्या पाठीवर हात दाबून धरला आणि तोंडानं इंजिनासारखा आवाज काढला. घुर्रर्र. बारीक, एकसारखा. माझा श्वास संपत आला तशी थांबली. सुधीर सरपटत बाहेर.
पायरीवर बसून हाताचं तेल पुसत होता. मग माझ्याकडे न बघता, "बेंगळूरूच्या त्या लोकांना बोलावू या का? येऊन बघून तरी जातील."
मनूसारख्या मुलांना कायमचं ठेवून घेतात ते. गेल्या वर्षी मी नाही म्हटलं होतं. आज काहीच म्हटलं नाही. त्यानं ते हो धरलं.

१५, शनि.
गिअरबॉक्स बसत नाही. नवी प्लेट मधोमध नाही, शाफ्ट आत शिरत नाही. एकदा जॅकवरून घसरला, सुधीरचं बोट जाता जाता राहिलं.
मनूला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. दिवसभर ती दार बडवतेय, आणि मी बाहेर टॉर्च धरून उभी.
सुधीरनं बेंगळूरूला फोन केला. दिवस कळवतील.

१६, रवि.
प्लेट परत सोडवली. एका दांड्याला टेप गुंडाळून जाड केला, त्यावर ती मधोमध धरून आवळली. मी वरून इंजिन हलवतेय, तो खालून ढकलतोय. "थोडं डावीकडे... स्वल्प... साकु, साकु!" साताऱ्याचा माणूस, घाईत 'पुरे'सुद्धा कन्नडमध्ये म्हणतो. शिरला आत. हसायचंही त्राण नव्हतं.

१७, सोम.
गाडी सुरू झाली. गिअर पडतात. मनू धावत येऊन बसली. सुधीरनं जुन्या सवयीनं क्लच सोडला. जुना अगदी वर आल्यावर धरायचा, हा पाय उचलला की लगेच. गाडीनं उडी मारली आणि बंद. मनू दार उघडून बाहेर, फाटकाला धरून किंचाळत. परत बसली नाही.
एवढं करून.

१९, बुध.
रिकामी गाडी घेऊन फिरते. नवी प्लेट रुळेपर्यंत जपून चालवायची, चढ नको, जोर नको. हूटगळ्ळीपर्यंत जायचं, बस-बाइकांच्या गर्दीत थांबायचं, निघायचं, परत थांबायचं. प्लेटचं जाऊ दे, माझा पाय रुळायला हवा. तिला कळता कामा नये गाडी कधी हलली ते.
घरी आले की मनू जवळ येते, वास घेते, मागे फिरते. नव्या प्लेटचा वास येतोच अजून थोडा.

२१, शुक्र.
मनूनं घरातल्या खिडकीची काच फोडली. तळहाताला टाके. डॉक्टरांकडे दोघांनी मिळून धरलं तिला.
सुधीर म्हणाला, "आपण म्हातारे झाल्यावर काय?" मी म्हटलं, आत्ताचं बोल.
खरं सांगायचं तर आज मलाच वाटलं, कुणीतरी येऊन घेऊन जावं. तिला की मला

२३, रवि.
फोनवर लिहितेय, गाडीत बसून.
मनू आपणहून आली. वास घेतला. बसली. पट्टी बांधलेल्या हातानं तीन-चारदा दार लावून पाहिलं. मी एवढ्या हळू क्लच सोडला की पोटरीत गोळा आला. निघाली. हूटगळ्ळीच्या अलीकडे सिग्नलला बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न. मनूचं हुं हुं सुरू. चावी फिरवली, निघाले. हुं हुं बराच वेळ चाललं होतं, मग थांबलं. आरशात पाहिलं तर काचेला गाल लावलेला.
आता घरासमोर. झोपलीय. इंजिन बंद केलं नाही.
सुधीर फाटकात उभा, फोनवर तळवा ठेवून. बेंगळूरूची माणसं, उद्या येऊ का म्हणतायत. काय सांगू, असं हातानं विचारतोय.
मी ओठांवर बोट ठेवलं. तो तसाच उभा आहे.