लाल अक्षरांचे रेझिस्टर

काका, आज मंगळवार. सकाळी सव्वाअकरा वाजता मी माझ्या दुकानात टेबल पुसत होतो, तेव्हा नारायण पेठेतले साडीवाले त्यांच्या दुकानाची एलईडीची पाटी घेऊन आले. तुमच्याकडे बनलेली तीच, लाल अक्षरं आणि पांढरी किनार. पॉवर सप्लाय गेला होता. पाच अँपिअरच्या सप्लायवर तुम्ही जवळजवळ पाचाचाच भार टाकलेला. वर थोडी जागा ठेवायची असते, काका. मागचा पत्रा उघडला आणि लाल अक्षरांत तीनशेतीस ओहमचे रेझिस्टर दिसले. सोल्डरिंग तुमच्याच हाताचं, मी कुठेही ओळखीन.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं.

मी तुमच्या कसब्यातल्या दुकानात शिकत होतो तेव्हा एकच नियम होता: बारा व्होल्ट, ओळीत तीन एलईडी, एकशेवीसचा रेझिस्टर. रंग कुठलाही असो. पांढऱ्यांना ते बरोबर होतं. तीन पांढरे मिळून सुमारे साडेनऊ व्होल्ट घेतात, उरलेले अडीच रेझिस्टर सोसतो. तीन लाल मात्र सहाच घेतात. मग उरलेले सहा कुठे जाणार? मी कागदावर वजाबाकी, भागाकार करून दाखवला: लालला तीनशेतीस हवा. तुम्ही कागदाकडे बघितलंही नाहीत. "दहावीत गणितात उडालेला मला हिशेब शिकवणार? एकशेवीस लाव."

लावले. चौथ्या दिवशी साडीवाले पाटी घेऊन दारात. "अहो, पाटी सांगितली होती, होळी नव्हे." तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "यानेच लावलेत. अर्धवट शिकलेली पोरं, काय बोलायचं!" मी त्याच दिवशी दुकान सोडलं.

आणि मग तुम्ही बसून एकेक रेझिस्टर बदललात. त्यानंतर तीन वर्षं हयात होतात तुम्ही. रस्त्यात भेटलात की विचारायचात, "काय रे, जेवलास का?" जेवलास का! "तुझं बरोबर होतं" हे तीन शब्द जड होते? आज साडीवाले मलाच सांगत होते, "कसब्यातल्या काकांनी दुरुस्त केली म्हणून टिकली. त्यांच्याकडच्या कोणा पोराने पार वाट लावली होती." तो पोरगा मीच, हे त्यांच्या लक्षात नाही. मी पान्हा फिरवत राहिलो.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी दिलं नसतं. तीनशेतीसचं पाकीट तुमच्या कुठल्या खणात आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पहिल्याच ओळीच्या रेझिस्टरने माझं बोट भाजलं, तरी उरलेल्या सगळ्या ओळी मी एकशेवीसनेच जोडल्या. पाटी जळावी आणि तुमचं तोंड बघावं, म्हणून.